मान तुकवली ती एकाच ठिकाणी

इंग्लंडमधल्या वाँटेज नावाच्या लहानशा गावातल्या मठात १८८५ च्या सुमारास एक पेच उभा राहिला होता. मठातल्या सिस्टर मंडळींनी मोठ्या मायेने आश्रय दिलेली, दोनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली एक तरुण मराठी विधवा कुणाचे काही ऐकेनाशी झाली होती. जेवणात अंडे घातलेला पदार्थ तिला चालत नव्हता. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, ती तिला नको होती. लॅटिन ना आपल्याला कळत, ना आपल्या देशातल्या बायकांना. मग क्रुसावर संस्कृत अक्षरे का नसावीत, असा तिचा सवाल होता. चर्चमध्ये शतकानुशतके म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धावचनांतली काही तिला बायबलात सापडत नव्हती, म्हणून ती म्हणायला तिची तयारी नव्हती. आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी तिच्याबद्दल काही मत कळवले, तेव्हा माझ्या बाबतीत ठरवण्याचा अधिकार या बिशपांना दिला कुणी, असेही तिने विचारून टाकले.

ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते.

याच रमाबाई पुढे केडगावच्या माळावर देवाला विचारल्याशिवाय पाऊलही न उचलणाऱ्या म्हणून प्रसिद्ध झाल्या. पहाटेची प्रार्थना, घंटेवर चालणारा दिवस, अंगावर पांढरे साधे लुगडे, आणि पुढ्यात येईल ते दुःख देवाने दिले म्हणून स्वीकारणे, हा त्यांच्या उत्तरायुष्याचा शिरस्ता होता. ज्यांनी त्यांची वाँटेजमधली भांडणे वाचली आहेत त्यांना केडगावच्या रमाबाई निराळ्याच वाटतात, आणि ज्यांना केडगावच्या रमाबाई ठाऊक आहेत त्यांना वाँटेजची बंडखोर मुलगी पटत नाही. मला मात्र त्यांचे चरित्र जितक्या वेळा वाचावे तितक्या वेळा वाटत आले आहे की ही दोन माणसे नव्हेत. देवाची सत्ता इतकी पक्की मानली म्हणूनच त्यांना माणसांच्या सत्तेपुढे ताठ उभे राहता आले. आणि देवाची शिस्त म्हणजे काय, हे त्यांना फार लहानपणी, फार कठोर रीतीने कळू लागले होते.

वडिलांचा शब्द

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामुळाच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित, आणि एका बाबतीत जगावेगळे. पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू एका पेशवीणबाईंना संस्कृत शिकवतात हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते. तेव्हापासून बायकोला संस्कृत शिकवायचे हे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांनी विरोध केला, शास्त्रीमंडळींनी जाब विचारला. अनंतशास्त्र्यांनी शास्त्राचाच आधार काढून दाखवला. अखेर लोकांपासून दूर रानात जाऊन त्यांनी घर बांधले आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. वडील थकल्यावर याच लक्ष्मीबाईंनी धाकट्या रमेला पहाटे कुशीत घेऊन भागवताचे श्लोक पाठ करून घेतले.

म्हणजे शास्त्राची सत्ता मानायची, पण शास्त्राच्या नावाने लोक जे सांगतात ते शास्त्रात आहे की नाही हे आपण उघडून पाहायचे, हा धडा रमाबाईंना घरातच मिळाला होता. पुढे बिशपांना त्यांनी जे विचारले, ते तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी शास्त्रीमंडळींना विचारून झाले होते.

रानातला संसार फार टिकला नाही. पैसा संपला, कर्ज झाले, आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. त्यातच १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. या दुष्काळातल्या हालांची हकीकत रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिली आहे. दागिने गेले, भांडी गेली, ठेवणीतली वस्त्रे गेली. मजुरी करायची सवय नाही आणि भीक मागायची लाज, अशा कोंडीत अडकलेले ते कुटुंब देवदर्शने, उपासतापास, दानधर्म करीत राहिले. शेवटी रानातला पाला आणि बोरे खाण्यापर्यंत पाळी आली. दृष्टी अधू झालेले म्हातारे अनंतशास्त्री अखेरच्या घटका मोजू लागले, तेव्हा त्यांनी आपल्या धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि सांगितले की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे. तू त्याची आहेस, आणि जन्मभर त्याचीच सेवा कर.

वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंचीने लहान असल्यामुळे त्यांचा खांदा तिरडीला पुरेना, म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली आणि स्मशानाची वाट चालल्या. मग थोरली बहीणही गेली. भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण आत काहीतरी तुटले होते. शास्त्रात सांगितलेले सगळे केले तरी शास्त्राने दिलेले आश्वासन खरे ठरले नव्हते. व्रतांवरचा विश्वास गेला होता. वडिलांनी ज्याच्या हाती सोपवले तो देव कोण, हा प्रश्न मात्र गेला नव्हता.

१८८० साली श्रीनिवासही आजारी पडला. आपल्यामागे या एकट्या बहिणीचे कसे होणार, या काळजीने तो तळमळत होता. आजवर तरी आपल्याला देवावाचून दुसरे कोण होते, असे बहिणीने म्हटले आणि तेवढ्याने तो शांत झाला, असे रमाबाईंनी नोंदवले आहे. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा यांपैकी कुणीही उरले नव्हते. उरली होती दहा महिन्यांची पोर.

आजीबाईंशी वाद

त्यानंतर रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. ख्रिस्ताची ओळख त्याआधीच सुरू झाली होती. बंगालीतले लूकचे शुभवर्तमान नवऱ्याच्या घरी हाती लागले होते आणि मूळचे चित्पावन असलेल्या नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या, गोऱ्यांच्या विद्वत्तेचाही प्रभाव पडला होता. पण मन वळवले ते एका कामाने. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या सिस्टर्स रस्त्यावर आलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या बायकांना आधार देत होत्या. अशा बायकांसाठी कुणी माया करू शकते हेच त्यांना नवे होते. त्या कामाचे मूळ त्यांना शोमरोनी बाईच्या कथेत सापडले. समाजाने दूर ठेवलेल्या त्या बाईशी ख्रिस्त विहिरीवर बसून बोलतो, ती कथा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गदारोळ उडाला. इकडे इंग्लंडमध्ये वेगळाच गदारोळ वाट पाहत होता. त्यांची देखभाल करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या प्रेमाने आजीबाई म्हणत. या आजीबाईंचे रमाबाईंवर खरे प्रेम होते, आणि म्हणूनच नव्या ख्रिस्ती मुलीने चर्चच्या आज्ञेत राहावे असे त्यांना मनापासून वाटे. वैद्यकीचा विचार कानांनी हाणून पाडला होता. ऐकू कमी येऊ लागले होते. म्हणून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांना वाटले की रमाबाईंनी तरुण मुलग्यांनाही संस्कृत शिकवायला हरकत नाही. हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत घेतले गेले आणि ते प्रतिकूल आले. परत गेल्यावर स्वदेशात या बाईचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

रमाबाईंनी जे उत्तर लिहिले त्याचा सारांश असा. मी माझ्या देशात पुरुषांच्या भरल्या सभांत बोललेली आहे. माझ्या देशबांधवांना काय वाटेल हे मला बिशपांपेक्षा जास्त ठाऊक आहे. मला सद्सद्विवेक आहे आणि तो देवाने दिलेला आहे. पुरोहितवर्गाचे जोखड मी महत्प्रयासाने मानेवरून उतरवले आहे. ते उतरवून दुसऱ्या पुरोहितांचे तसलेच जोखड चढवून घ्यायची माझी इच्छा नाही. देवाची इच्छा म्हणून जे सांगितले जाईल ते ग्रंथात आहे का, एवढे मी पाहीन.

या वादातली जेराल्डीन यांची बाजूही वाचकाने समजून घ्यायला हवी. त्यांचे म्हणणे असे की आज्ञाधारकपणा ही ख्रिस्ती जीवनातली पहिली पायरी आहे. प्रत्येकजण स्वतःलाच प्रमाण मानू लागला तर देवाची आज्ञा आणि आपली लहर यांतला फरक कोण सांगणार? प्रश्न खोटा नाही. आपल्या घराघरांतूनही तो रोज उभा राहतो. मुलगा म्हणतो मला पटत नाही, बाप म्हणतो मी सांगतो म्हणून कर, आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते. हा सगळा पत्रव्यवहार जेराल्डीनबाईंनी जपून ठेवला. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला, तो वाचताना दोघींचा मान वाढतो. वाद झडले तरी मायेचा धागा तुटला नाही. रमाबाई पुढे अमेरिकेला गेल्या तेव्हा आपली लहानगी मनोरमा त्यांनी काही काळ याच आजीबाईंच्या ओटीत घातली होती.

जेराल्डीनबाईंच्या प्रश्नाला रमाबाईंना शब्दांनी पुरते उत्तर देता आले नाही. ते द्यायला त्यांना उरलेले आयुष्य लागले.

धर्म मिळाला, ख्रिस्त राहिला

मार्च १८८६ मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च चालवण्याची हमी दिली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झालेल्या आनंदीबाई, आपल्या बाया कर्वे.

शारदा सदनात धर्माचा प्रचार होणार नाही असा शब्द होता. रमाबाई प्रचार करीत नव्हत्या. पण आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. आईच्या मायेला भुकेल्या मुली येऊन बसत. सदन १८९० मध्ये पुण्याला आले आणि ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हा प्रचार की नाही, यावर दोन्ही बाजूंनी आजही बोलता येईल. पालकांनी मुली पाठवल्या त्या एका शब्दावर विश्वास ठेवून, हे विसरता येत नाही. आणि स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करायला रमाबाई तयार होणार नव्हत्या, हेही खरे.

याच काळात, १८९१ च्या आसपास, त्यांच्या मनात एक फार मोठा पालट झाला. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होता आणि आपलाच उपदेश आपल्याला लागू झालेला नाही हे त्याला फार उशिरा उमगले. रमाबाईंना आपलेच चित्र दिसले. त्यांनी पुढे लिहिले त्याचा आशय असा की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षे त्यांनी मतांचा अभ्यास केला होता, त्यांवर वाद घातला होता, ती तपासून पाहिली होती. आता त्यांनी स्वतःला सोपवून दिले. वडिलांनी ज्याच्या हाती दिले होते त्याचा हात त्यांनी आपण होऊन धरला, असे म्हणता येईल.

इथून पुढच्या रमाबाई वेगळ्या दिसतात. वाद कमी होतो, काम वाढते.

जामीन कोण?

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला रमाबाईंच्या चरित्राचा यापुढचा भाग वाचताना धाप लागते. अर्ज आला की आमचा पहिला प्रश्न असे, तारण काय आणि जामीन कोण? रमाबाईंच्या हिशेबात जामिनाच्या जागी एकच नाव होते.

१८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. अनाथ मुली आणि तरुण विधवा रस्त्यावर आल्या. त्यांना उचलून नेणारे दलालही हिंडू लागले. स्वतःचा दुष्काळ आठवून रमाबाईंना चैन पडेना. अमेरिकेतल्या मंडळाची हमी होती ती पुण्याच्या पन्नाससाठ मुलींसाठी, आणि तिचीही मुदत १८९८ मध्ये संपत होती. तरीही रमाबाई स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि शहरात एवढ्या मुली ठेवण्यास सरकारने मनाई केली. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबूत, गवताच्या झोपड्यांत मुली राहू लागल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

देवावर भरवसा म्हणजे डोळे मिटून उडी, असा समज असतो. रमाबाईंची रीत तशी नव्हती, आणि हे मला फार मोलाचे वाटते. केडगावची जमीन दुष्काळाच्या आधीच घेतलेली होती. हमीची मुदत संपल्यावर उत्पन्न असावे म्हणून तिथे फळबाग लावलेली होती. मुली आल्या त्या दिवसापासून त्यांना काम होते. शेती, दूधदुभते, दळण, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, आणि पुढे छापखाना. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे मुली शिकल्या. अंध मुलींसाठी मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली आणि त्यांना वाचायला शिकवू लागली. वृत्तांत छापून देणगीदारांना पाठवला जाई. करण्याजोगे ते सारे करायचे, आणि त्यानंतर जे आपल्या हातात नाही ते रात्री गुडघे टेकून देवाकडे मागायचे, असा क्रम होता. प्रार्थना ही कामाच्या जागी नव्हती, कामाबरोबर होती.

आणि शिस्त कडक होती. पण ती आधी स्वतःला लागू होती. ज्या बाईला अमेरिकेतल्या मोठमोठ्या सभागृहांत टाळ्या मिळाल्या, ती केडगावात मुलींबरोबर साधे शाकाहारी जेवण जेवे. माणसाच्या आणि देवाच्या सत्तेतला फरक कसा ओळखायचा, या जेराल्डीनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. जो अधिकार दुसऱ्याला वाकवतो आणि सांगणाऱ्याला मोकळा सोडतो, त्याच्याबद्दल रमाबाईंना कायम संशय होता. जी आज्ञा आधी आपल्यालाच पहाटे उठवते, आपले सुख काढून घेते आणि दुसऱ्याच्या पोराला जेवू घालायला लावते, तिच्यामागे देव आहे असे मानायला त्या तयार होत्या. लहरीला एवढी किंमत कुणी मोजत नाही.

अर्थात रमाबाईंच्या राज्यातही प्रश्न होते, आणि ते झाकून त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. केडगावला आलेल्या मुलींपैकी पुष्कळ ख्रिस्ती झाल्या. भुकेने मरणाऱ्या पोरीला जीवदान देणाऱ्या आईचा धर्म नाकारण्याइतके स्वातंत्र्य उरते का, हा टीकाकारांचा प्रश्न बिनतोड आहे. स्वतः बिशपांपुढे न झुकलेल्या बाईच्या शब्दावर आता दोन हजार जणींचे आयुष्य चालत होते. आपल्या सत्तेकडे त्या जेराल्डीनबाईंच्या बाजूने पाहू शकल्या की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र त्या मुलींना त्यांनी वाचायला शिकवले आणि हाताला धंदा दिला. ज्याला वाचता येते तो ग्रंथ स्वतः उघडून पाहू शकतो. अनंतशास्त्र्यांच्या लेकीने आपल्या सत्तेवर ठेवलेला हाच मोठा अंकुश म्हणायचा.

शेवटची मुद्रिते

मराठीत शिक्षण आणि शिक्षा हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. संस्कृतच्या पंडितेला हे सांगायला नको होते. इब्रींस लिहिलेल्या पत्रात, बाप ज्या लेकराला आपले मानतो त्यालाच शिस्त लावतो, असा विचार येतो. देवाने दिलेले दुःख हा त्याचा राग नसून त्याचे शिकवणे आहे, असे त्यात सुचवलेले आहे. प्रवचनात हे वाक्य गोड लागते. घरातले माणूस गेले की ते घशाखाली उतरत नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ते उच्चारणे तर निर्दयपणाच. रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना, हे तुमच्या भल्यासाठी झाले, असे सांगत बसण्याऐवजी भाकरी दिली. हा विचार त्यांनी लावला तो फक्त स्वतःच्या दुःखाला.

त्यांच्या अखेरच्या पर्वात एक मोठे काम होते. त्या काळचे मराठी बायबल पंडिती, संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या अडाणी बाईला ते कळत नाही, असे त्यांचे मत झाले होते. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा उतारवयात शिकून त्यांनी संपूर्ण बायबल एकटीने सोप्या मराठीत आणायला घेतले. पंधराएक वर्षे हे काम चालले होते. ज्यांच्यासाठी ग्रंथ होता त्याच मुली छापखान्यात खिळे जुळवीत होत्या. लॅटिन अक्षरांचा क्रूस नाकारणाऱ्या मुलीचा हट्ट इथे पुरा होत होता. देवाचा शब्द प्रमाण मानायचा तर तो प्रत्येकीला कळेल अशा भाषेत तिच्या हातात पडला पाहिजे. मधे सांगणारा कुणी असण्याची गरज नाही.

मनोरमा आता चाळिशीची झाली होती. शाळा, अंध मुलींचे वर्ग, गुलबर्ग्याला काढलेल्या शाळेचा व्याप, सारे तिने अंगावर घेतले होते. आपल्यामागे मुक्ती हीच सांभाळणार, असे रमाबाईंनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमा गेली.

ज्याला देवाने सगळे आधीच दिले आहे त्याला भरवसा सोपा असतो. इथे त्रेसष्ट वर्षांची, कानांनी अधू झालेली आई होती. तिचे माहेर दुष्काळाने नेले, भाऊ आजाराने नेला, नवरा पटकीने नेला, आणि आता चाळीस वर्षे उराशी धरलेली एकुलती एक मुलगी गेली. सोळा वर्षांची असताना आईबाप गेले तेव्हा देवावरचा विश्वास डळमळला होता, कारण तेव्हा व्रत आणि फळ असा व्यवहार होता. व्रत केले आणि फळ मिळाले नाही. या खेपेला व्यवहारच नव्हता. रमाबाई पुन्हा मेजाशी बसल्या आणि राहिलेले भाषांतर, राहिलेली मुद्रिते पुढे ओढली. त्या रात्री त्यांना काय वाटले असेल, त्याबद्दल आपण गप्प राहावे हे बरे. दुसऱ्या दिवशी मुलींना जेवायला मिळाले, घंटा झाली, छापखाना चालू राहिला, एवढे पुरे आहे.

भाषांतर पुरे झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाई गेल्या, मनोरमेनंतर नऊ महिन्यांच्या आत. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. पुढे १९८९ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, आणि ज्या इंग्लंडच्या चर्चशी त्या भांडल्या त्याच चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणाचा म्हणून नोंदला गेला. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

देवाची सत्ता मानणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, सर्व धर्मांत आहेत. तिचा उपयोग बहुतेकदा दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी होतो. सासू सुनेला, पुरोहित यजमानाला, पुढारी अनुयायांना देवाचे नाव सांगतो. रमाबाईंनी ते नाव स्वतःला सांगितले. म्हणून बिशपांना नाही म्हणताना त्यांचा आवाज कापला नाही, आणि लेक गेल्यावर लेखणीही खाली पडली नाही. दुष्काळात मरता मरता एका म्हाताऱ्या शास्त्र्याने आपली मुलगी देवाच्या हाती दिली होती. तो देव कोणत्या नावाने भेटेल हे त्याला ठाऊक नव्हते, आणि भेटला ते नाव त्याला रुचलेही नसते. पण मुलीने बापाचा शब्द अखेरपर्यंत पाळला.